जामीनदार नसताना विद्यार्थ्याला कर्ज मिळते का?

मिळू शकते, परंतु जामीनदाराच्या ऐवजी कर्ज देणारी संस्था तुमचा अभ्यासक्रम, शिक्षणसंस्था, गुण आणि पुढील कमाईची शक्यता तपासते व वाढलेल्या जोखमीपोटी बहुधा अधिक व्याज लावते. म्हणून शिष्यवृत्ती आणि तुमच्या शिक्षणसंस्थेचा साहाय्यनिधी यांची चौकशी आधी करावी. अनेक विद्यार्थी, दुर्दैवाने, ती करतच नाहीत. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज बहुधा साचत राहते: वार्षिक 12 टक्के दराने, दरमहा चक्रवाढ धरल्यास, 100 चे 2 वर्षांत सुमारे 127 होतात. शक्य असल्यास निदान व्याज तरी दरमहा भरत राहावे. कर्ज मंजूर होण्यापूर्वीच ‘प्रक्रिया शुल्क’ वैयक्तिक खात्यात मागणाऱ्याला मात्र काहीही देऊ नये.