उपनगरात बंद कारखान्याच्या जागी ऑफिसं आणि मॉल येतोय. ट्रॅफिकबाबत रहिवाशांचं कुणी ऐकतं का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: कांदिवली पूर्वेला सोसायटीसमोरच्या बंद कारखान्याच्या जागेवर ऑफिसांचे मजले आणि खाली मॉल होणार आहे. बिल्डरचा माणूस ‘सगळ्या परवानग्या झाल्यात’ म्हणतो, रस्ता तर आत्ताच संध्याकाळी जागचा हलत नाही, मग आम्हाला कुणी विचारायला नको का?

कायद्याने, त्या एका इमारतीपुरतं, नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे ‘जनसुनावणी घ्या’ असे फलक छापण्यात पैसे जाणार नाहीत. मी बरीच वर्षं ट्रॅफिक सर्व्हेच्या कामात आहे, बिल्डरांसाठीही अहवाल केलेत, आणि राहतो मुलुंडला, एलबीएस रोडला लागून. त्यामुळे अहवाल कसा शिजतो तेही माहीत आहे आणि तो शिजल्यावर रस्त्याचं काय होतं तेही.

विचारणा होते ती विकास आराखडा करताना. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली मसुदा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुंबईत हे किती चालतं ते २०१५ साली दिसलं. फेब्रुवारीत आलेल्या मसुद्यावर हरकतींचा असा पाऊस पडला, की एप्रिलमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ ला. लोक तेव्हा आरेबद्दल बोलले, वारसा इमारतींबद्दल बोलले, उभ्या इमारतींवरून गेलेल्या रस्त्यांबद्दल बोलले. पण समोरच्या औद्योगिक पट्ट्यात उद्या ऑफिसांना किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम, मिळणार, यावर माझ्या ओळखीत तरी कुणी पत्र लिहिलं नाही. आता मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१९) खाली व्यापारी वापराला, समोरचा रस्ता पुरेसा रुंद असेल तर, ५ पर्यंत एफएसआय मिळतो. नियमात बसणारा प्लॅन इमारत प्रस्ताव खातं मंजूर करतं, शेजाऱ्यांना नोटीस काढत नाही. अपवाद एकच. त्या जागेसाठी आराखड्यातच फेरबदल होत असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची जाहिरात निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते.

दुसरी खिडकी पर्यावरण मंजुरीची, म्हणजे ईसीची. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती लागते. गंमत म्हणजे २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. पण अर्जाची कागदपत्रं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर येतात आणि त्यात बहुतेक वेळा ट्रॅफिक स्टडी असतो. तो उतरवून घ्या. तुमचं खरं काम तिथून सुरू होतं. ‘ट्रॅफिक वाढेल हो’ या ओरडीला कुणी उत्तर देत नाही, पण अहवालातल्या एका चुकीच्या आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

तो आकडा कुठे शोधायचा? रस्त्याच्या क्षमतेत. आपले लोक इंडियन रोड्स काँग्रेसचं १०६ क्रमांकाचं, १९९० सालचं मार्गदर्शक वापरतात. त्यात दुपदरी, दुतर्फा रस्त्याची तासाची क्षमता तीन प्रकारे दिली आहे: १५००, १२०० आणि ९०० पीसीयू. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारगाडीच्या मापात आणलेली. १५०० हा आकडा अशा रस्त्यासाठी आहे, जिथे कडेला गाड्या उभ्या नाहीत, फाटक-दुकानं थेट रस्त्यावर उघडत नाहीत आणि आडवी वाहतूक फारशी नाही. असा रस्ता कांदिवलीत मला दाखवा, मी चहा पाजतो. कडेला पार्किंग, दारं उघडी, आडव्या गल्ल्या असतील तर ९०० धरायचे असतात. समजा मोजणीत ८५० पीसीयू आले. १५०० ने भागा, रस्ता ५७ टक्के भरलेला, अजून भरपूर जागा! ९०० ने भागा, ९४ टक्के. रस्ता तोच, वाहनं तीच. कुणी खोटं लिहिलं असंही म्हणता येत नाही, फक्त तक्त्याचा रकाना बदलला. अहवालातलं क्षमतेचं पान काढा आणि कोणता रकाना धरलाय तेवढं आधी बघा.

रिक्षांचंही तसंच. त्याच मार्गदर्शकात रिक्षांचा वाटा ५ टक्के असेल तर एक रिक्षा म्हणजे १.२ पीसीयू, पण वाटा १० टक्के किंवा वर गेला की २. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर १० टक्क्यांच्या खाली रिक्षा? आणि पायी चालणारा माणूस या हिशेबात येतच नाही.

मग मोजणीची तारीख. मे महिन्यात शाळा बंद, निम्मी सोसायटी गावाला. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्यावरून एक गाडी गेली नाही. त्या काळात आसपास केलेली मोजणी कुठल्याच नेहमीच्या दिवसाची नव्हे. तुमच्या भागात मेट्रोचं किंवा गटाराचं खोदकाम चालू असताना मोजणी झाली असेल तर तसं लिहून द्या.

स्वतःची मोजणी करायला कन्सल्टंट लागत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवारपैकी एक दिवस धरा, आणि मॉल आहे म्हणून एक शनिवार. संध्याकाळी सहा ते आठ, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन माणसं, एक या दिशेला, एक त्या. कागदावर रकाने: दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस-ट्रक. दर पंधरा मिनिटांनी ओळ बदलायची. शेजारी मोबाइल स्टँडवर लावून सलग व्हिडिओ, म्हणजे आकड्यावर शंका घेतली तर पुरावा. आमच्या इथे हे काम निवृत्त आजोबांनी कॉलेजच्या पोरांपेक्षा चोख केलं. पोरं दर दहा मिनिटांनी रील बघत होती.

यानंतर गेट. याकडे कुणी बघत नाही आणि सगळी रांग तिथूनच लागते. गेटवर तिकीट, डिकी उघडणं, खालून आरसा फिरवणं, असे एका गाडीला २० सेकंद धरले तर एका लेनमधून तासाला १८० गाड्या आत जातात. त्या तासात ३०० आल्या तर १२० बाहेर उभ्या. गाडीमागे सहा मीटर धरा, सातशे वीस मीटरची शेपटी झाली आणि ती तुमच्या सोसायटीच्या दारावरून जाणार. आतल्या बेसमेंटमध्ये कितीही जागा असू द्या. म्हणून मागणी अशी हवी: तपासणी आणि तिकिटाचा अडसर रस्त्यावरून दिसणार नाही इतका आत, गेट सिग्नलपासून लांब, टेम्पोंच्या माल उतरवण्याला आणि डिलिव्हरीच्या दुचाकींना आतच जागा. ‘प्रकल्प रद्द करा’ लिहिलंत की पत्र फायलीला लागतं. ‘गेट उत्तरेऐवजी पूर्वेच्या रस्त्यावर घ्या’ लिहिलंत की आर्किटेक्टला बोलावून घेतात. निदान आमच्याकडे तसं झालं, आणि गेट पूर्ण नाही पण सिग्नलपासून बराच मागे गेला.

सेटबॅकबद्दल, म्हणजे रस्ता रुंद करायला प्लॉटमधून सोडलेल्या पट्टीबद्दल, सावध राहा. बिल्डर सांगेल, आम्ही रस्ता रुंद करून देतोय. देतो तो आपल्या प्लॉटपुरता. पुढच्या-मागच्या दुकानांचा सेटबॅक मिळालेला नसतो, त्यामुळे रस्त्याला तेवढंच एक पोट सुटतं आणि तिथे शेअर रिक्षांचा स्टँड होतो. नकाशावरची रुंदी आणि टेपने मोजलेली रुंदी दोन्ही पत्रात द्या.

प्रत्येक अहवाल आपल्या एकाच इमारतीचं बघतो, हा सगळ्यात मोठा घोळ. लोअर परळला काय झालं? १९९१ च्या नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनीचा ५८ वा नियम २००१ मध्ये बदलला, एकेक गिरणी ऑफिसं-मॉल झाली, प्रत्येकीचे कागद आपापल्या जागी ठीक. स्टेशनांचे जिने मात्र गिरणीच्या भोंग्याच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. म्हणून पत्रात आग्रहाने मागा: आजूबाजूला मंजूर झालेले पण अजून न बांधलेले प्रकल्प याच हिशेबात धरा, आणि स्टेशनपर्यंतची चालण्याची वाटही.

एक कडू गोष्टही सांगतो. त्या रस्त्यावर डबल पार्किंग कुणाच्या गाड्यांचं असतं? बऱ्याच अंशी आपल्याच. बैठकीत बिल्डरचा माणूस पहिला फोटो तोच काढतो. आधी सोसायटीच्या सभेत तो विषय मिटवा.

पत्रं कुणाला? ईसी व्हायची असेल तर राज्याच्या पर्यावरण मूल्यांकन समितीला, बैठकीच्या आधी. प्रत इमारत प्रस्ताव खात्याला, वाहतूक पोलिसांच्या सहआयुक्तांना आणि आर-दक्षिण वॉर्डच्या साहाय्यक आयुक्तांना. नगरसेवकाला जरूर धरा. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते आणि त्या काळात अशी पत्रं कुणाच्या टेबलावर न्यायची हाच प्रश्न असायचा. ईसी होऊन गेली असेल तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलंत तर आणखी ६०. वकिलाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

काम जोत्याच्या वर आलं असेल तर गेट आणि रॅम्प हलवायची आशा सोडा. मग ओसीच्या, म्हणजे इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या, आधीचा काळ तुमचा. ईसीच्या आणि ट्रॅफिक एनओसीच्या अटींची प्रत माहिती अधिकारात मागा. बिल्डरला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, तोही मागा आणि न पाळलेल्या अटींचे फोटो काढून ओसी देणाऱ्याच खात्याकडे नोंदवा.

पोर्टलवर बिल्डरच्या नावाने काही सापडलं नाही तर दचकू नका. अर्ज बहुतेक वेळा वेगळ्याच कंपनीच्या नावाने असतो. साइटच्या पत्र्यावर फलक असतो, त्यावरचा सीटीएस नंबर, म्हणजे जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक, टिपून घ्या आणि त्यावरून शोधा.