साखर घुलली, वितळली की विरघळली?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय: चहा ढवळताना त्या 'साखर घुलली का?' म्हणतात, आणि पुण्याहून आलेल्या जाऊबाई हसतात. जाऊबाईंच्या मते 'वितळली' म्हणायला हवं. बरोबर कोण?

ताई, या खेपेला दोघीही नाही. चहात साखर विरघळते. 'घुलली' हे हिंदीतून आपल्याकडे आलंय, हे उघडच आहे. पण 'वितळली' म्हणणाऱ्यांनी जरा जपूनच हसावं.

माझी एक साधी कसोटी आहे. 'विरघळलं' म्हटलं की 'कशात?' असं विचारता येतं. 'वितळलं' म्हटलं की 'कशानं?' असा प्रश्न येतो, आणि उत्तर बहुतेक 'उष्णतेनं' असतं. वितळायला पदार्थ एकटा पुरतो, विरघळायला दुसरा लागतो. आपल्या सराफ्यातच, म्हणजे इंदूरच्या सोन्या-चांदीच्या बाजारातच बघा. मुशीत तापवलेलं सोनं साधारण 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. तेच सोनं आम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळतं. पहिल्या खेपेला ते निवलं की पुन्हा सोनंच हाती येतं. दुसऱ्या खेपेला मात्र नुसतं निववून भागत नाही, त्या पाण्यातून ते रसायनानं परत काढावं लागतं.

मिठाची गंमत तर आणखी. पाण्यात ते बघता बघता विरघळतं, पण वितळवायचं तर 801 अंश लागतात! पाण्याचे रेणू मिठाचे कण एकेक करून सोडवून नेतात, त्यासाठी भट्टी लागत नाही. जाऊबाईंची साखर वितळते ती कोरड्या कढईत, पाणी न घालता परतली की. तेव्हा ती तांबूस होऊन खरपूस वास सुटतो. रात्री त्याच सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात, तिथली जिलबी ज्यात बुडते, तो पाक मात्र द्रावणच, म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर (इथे चाशनी म्हणतात, म्हणू द्या).

बर्फाचं काय? 'बर्फ विरघळला' सर्रास ऐकू येतं. शास्त्राच्या वहीत ते खोडावं, घरात मी खोडत नाही. मन विरघळतं तिथे तर कसोटीच लागू पडत नाही. हिंदीत दिल पिघळतं, मराठीत माणूस विरघळतो नाहीतर पाघळतो. 'पाघळणे' आणि 'पिघलना' सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की वाटतात.

'घोल'वरून एक सावधगिरी. हिंदीत घोल म्हणजे द्रावण, मराठीत घोळ म्हणजे गोंधळ. आणि 'साखरेत घोळवलं' म्हणजे वरून साखर लावली, विरघळवली नव्हे.

नातवाच्या हिंदी पुस्तकात विलेय, विलायक, विलयन दिसतील, मराठी पुस्तकात द्राव्य (जे विरघळतं), द्रावक (ज्यात विरघळतं), द्रावण (दोन्ही मिळून होतं ते). सगळी संस्कृतचीच लेकरं, फक्त हिंदीनं 'ली' धातू धरला, मराठीनं 'द्रु', म्हणजे वाहणं. विलय म्हटलं की आपल्याला 1948 साली मध्य भारतात विलीन झालेलं होळकरांचं संस्थान आठवतं, साखर नाही.

एका शब्दात मात्र मी हिंदीच्या बाजूचा आहे. आणखी साखर घेणार नाही अशा पाण्याला मराठीत 'संपृक्त' म्हणतात, हिंदीत 'संतृप्त'. 20 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात मीठ जेमतेम 36 ग्रॅम मावतं, साखर 200 ग्रॅमच्या आसपास. तेवढी खाल्ल्यावर पाण्याचं पोट भरलं म्हणायचं, आणि पुढची साखर तळाशी. जाऊबाईंच्या चहात तळाशी साखर दिसली, तर पाणी तृप्त झालं असेल हे मात्र खरं नाही. बहुतेक वेळा ढवळलेलंच नसतं.