उत्तर: मायनरचं नंतर बघ, आधी पोच कशी मिळेल ते बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. कोपरखैरणेचा एस.वाय.बी.कॉम.चा मुलगा, मायनर (म्हणजे दुय्यम विषय) सामाजिक न्याय आणि नागरी सहभाग. वस्तीतल्या बायकांचा संडास दुरुस्तीचा अर्ज दोन महिन्यांपूर्वी कार्यालयात दिलास, आता तिथले म्हणतात असा अर्ज आलाच नाही, आणि इकडे कॉलेजच्या मॅडम क्षेत्रकामाचा पुरावा मागतायत. म्हणून विचारतोयस, मायनर बदलू का. अरे, गाव आणि विषय बदलून कोणी माझंच टाकलंय असं वाटलं.

मी स्वायत्त कॉलेजातली, २०२३-२४ ला नवीन शैक्षणिक धोरण ज्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा आलं त्या तुकडीतली. क्रेडिट, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) वगैरे तुला माहीत असेलच. क्षेत्रकामाचे २ क्रेडिट म्हणजे ६० तास. ते भरायला मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या डोंगरालगतच्या एका वस्तीत जायचे. तिथे एकच सार्वजनिक नळ, पाणी पाऊण तास, तेही पहाटे. मी अर्ज लिहिला, ४१ बायकांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि ताठ मानेने तो एका कार्यालयात नेऊन दिला. कोणतं ते सांगत नाही, सांगून काही होणारही नाही.

टेबलावरचे काका म्हणाले, "ठेवून जा, साहेब आले की बघतील." शिक्का त्यांच्या हाताशी होता, पॅडचं झाकणसुद्धा उघडं होतं. मला मागायला लाज वाटली. वाटलं, विश्वास नाही असं दिसेल. मूळ कागद सह्यांसकट तिथे सोडला, झेरॉक्स नाही, पोच नाही, आणि वर "थँक्यू काका" म्हणून निघाले.

संध्याकाळी वस्तीतल्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "शिक्का आणलास का?" मी म्हटलं, गरज नाही मावशी. त्या काहीच बोलल्या नाहीत. या बाईंकडे साडीच्या दुकानाच्या पिशवीत रेशनकार्ड, लाइटबिलं, मुलांचे दाखले असं सगळं होतं, प्रत्येक कागदाच्या मागे त्याची झेरॉक्स. मराठवाड्यातून आलेलं कुटुंब. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, त्यासाठी सासऱ्यांच्या शाळेचा निर्गम उतारा मिळवायला गावी तीन खेपा घातलेल्या. आणि नागरी सहभाग शिकवायला तिथे गेले होते मी!

मग सहा आठवडे खेटे. "आवक नंबर सांगा." म्हणजे अर्ज आल्याच्या नोंदीचा नंबर. तो नाही. "मग आलाच नसेल." पुढच्या वेळी, "ती जागाच आमच्याकडे येत नाही, पलीकडे जा." पलीकडचे म्हणाले, जागा आमची पण पाणी त्यांचं. त्याच दिवसांत वर्गात ७४वी घटनादुरुस्ती (शहरांच्या स्थानिक स्वराज्याची) चालू होती, प्रभाग समित्या, लोकप्रतिनिधींचं उत्तरदायित्व. नवी मुंबईत मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपलेली, तेव्हापासून प्रशासकच कारभार बघत होते. जायचं कोणाकडे, हा प्रश्न मी वर्गात विचारला तर सर हसले आणि म्हणाले, हे रिपोर्टमध्ये लिही.

सगळ्यात जड गेलं ते पुन्हा सह्या मागायला जाणं. ४१ पैकी २३ मिळाल्या. काही जणींच्या घरी कोणीतरी भरवलं होतं की कागदावर नाव गेलं की घर पाडायला येतात. एका आजींनी हात पदराखाली घेतला. "एकदा दिला की अंगठा. सारखा सारखा कशाला?" माझा प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरला ढकलला गेला, त्याचं एवढं वाईट नाही वाटलं.

आता तुझ्यासाठी. (मी वकील नाही, आणि कॉलेजांचे नियम वेगवेगळे असतात, मॅडमना विचारूनच कर.) नवीन अर्ज दे, पण दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. नाही म्हणाले तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठव, वाद घालू नकोस. सह्यांच्या कागदाची झेरॉक्सच जोड, मूळ कागद वस्तीत राहू दे, तुझ्याकडेही नको. अर्जदार वस्तीतलीच बाई हवी. तू सहा महिन्यांनी निघून जाशील, उत्तर तिच्या पत्त्यावर यायला हवं.

शिक्का मिळाल्यावर महिनाभराने माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, आणि अमुक तारखेच्या अमुक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढंच विचार. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज, एक विषय, १५० शब्द अशी मर्यादा आहे. मी पहिल्या अर्जात नळ, गटार, कचरा सगळं कोंबलं होतं, तो तसाच परत आला. पण या कायद्यात एक गोष्ट फार कामाची आहे: विषय त्यांचा नसेल तर ५ दिवसांत त्यांनीच तो अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, कलम ६(३). "पलीकडे जा" तिथे चालत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्थात माहिती अधिकाराने नळ येत नाही, कागद येतो. पण तुझ्या मॅडमना कागदच हवाय.

मायनर बदलू नकोस, हे माझं मत. सोपे मार्क मिळतील म्हणून घेतला असशील तर मात्र बदल, कारण मिळत नाहीत. एम.एस.डब्ल्यू.साठी (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) हा मायनर लागतोच असं कोणी सांगितलं असेल तर तेही सोड, कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. आणि कृपा करून पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना "जनजागृती"ची पोस्टरं दाखवू नकोस. आमच्या तुकडीने पाणी वाचवा असं पथनाट्य केलं होतं, त्याच नळासमोर. आठवलं की अजून कान गरम होतात.

हो, वस्तीत दुपारी दोननंतर जा. सकाळी पाणी आणि डबे, कोणाला वेळ नसतो.

आणि नवीन अर्जाआधी उद्या एकदा त्या टेबलावर जाऊन आवक रजिस्टर दाखवा म्हणून विचार. तुझ्या तारखेच्या मागेपुढे आठवडाभर बघ, कधीकधी नोंद उशिरा करतात. सापडला तर नंबर तिथेच लिहून घे आणि पानाचा फोटो काढू देतात का विचार. आता लाजू नकोस.