कपाळावरचे केस मागे घ्या : दृढीकरणाच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

चर्चमधले रविवारचे धर्मवर्ग सुरू झाले की या सदराकडे दृढीकरणाची, म्हणजे बिशप कपाळाला तेल लावून देतात त्या कॅथोलिक संस्काराची, पत्रे येऊ लागतात. यंदाची निम्मी पत्रे तारखा आणि दाखल्यांविषयी आहेत. हे प्रमाण आम्हाला थोडे खटकले. पण कागद अडला की मूल अडते, म्हणून तेही प्रश्न घेतले आहेत.

मुलगा नववीत आहे. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते, त्यामुळे धर्मवर्ग बुडतो. पुढच्या वर्षी दहावी. दोन महिन्यांत तयारी करून गावाकडच्या चर्चमध्ये दृढीकरण उरकता येईल का? – एक आई, वडगाव शेरी

‘उरकता’ हा तुमचाच शब्द, आणि अडचण तिथेच आहे. दृढीकरणाला वयाची वरची मर्यादा नाही. कॅनन कायदा, म्हणजे कॅथोलिक चर्चचा कायदा, समज येण्याचे वय, म्हणजे साधारण सात वर्षे, धरतो आणि देशातल्या बिशप परिषदेला वेगळे वय ठरवण्याची मुभा देतो. कोणत्या इयत्तेत घ्यायचे ही त्यापुढची सोय. त्यामुळे नववी हुकली तर काही बिघडत नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, जूनपासून मुलगा मोकळ्या मनाने वर्गाला बसू शकतो. टेस्टच्या धास्तीत अर्धा तास उशिरा येऊन मागच्या बाकावर मोबाइल चाळणाऱ्या नववीतल्या मुलापेक्षा तो अकरावीतला मुलगा बरा.

आता तासांचा हिशेब. जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेर साधारण 33 रविवार येतात. गणपती, दिवाळी, नाताळ आणि सहामाही मिळून आठ-नऊ जातात. उरतात 24 तास. त्यातले सहा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) यांना, पाच पवित्र आत्मा आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ यांना, चार मिस्सा या मुख्य उपासनेला, तीन पापनिवेदनाला, तीन पवित्र आत्म्याच्या सात दानांना, दोन सेवेच्या कामाला आणि एक सरावाला. दोन महिन्यांत फक्त आठ तास मिळतात. आठ तासांत मुले उत्तरे पाठ करतात, पण बिशपांनी प्रवचनात वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला की सगळी रांग पायांकडे पाहू लागते.

गावी घ्यायला मनाई नाही. मात्र तुमच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) प्रमुख धर्मगुरूंचे पत्र लागते आणि त्यात तयारी पूर्ण झाल्याचा उल्लेख हवा. ती तयारी झालेली नसेल तर गावचे फादर तेच विचारणार, आणि ते बरोबरच.

स्नानसंस्काराच्या दाखल्यावर मुलाचे नाव योसेफ आहे, शाळेत प्रसाद. स्नानसंस्कार अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आजोळी झाला. आमच्याकडे लॅमिनेट केलेला जुना दाखला आहे. तो चालेल का? – एक वडील, येरवडा

लॅमिनेट केलेला दाखला कपाटातच राहू द्या. पॅरिशला नवा दाखला हवा असतो, कारण स्नानसंस्काराच्या नोंदवहीत मूळ नोंदीच्या शेजारच्या समासात पुढचे टिपण करतात: दृढीकरण, विवाह, धर्मगुरुदीक्षा. नव्या दाखल्यावर समासातला मजकूर उतरतो. तुमच्या मुलाचे दृढीकरण आधी कुठे झालेले नाही, हे त्यातूनच कळते. हा संस्कार आयुष्यात एकदाच घेता येतो, म्हणून कार्यालय याबाबतीत हट्टी असते.

दाखला आजोळच्या पॅरिशकडेच मागायचा, पुण्याच्या बिशप हाउसकडे नाही. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून (बिशपांच्या कार्यक्षेत्रातून) नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि अहिल्यानगर जिल्हा नाशिककडे गेला. म्हणून मामाच्या जुन्या दाखल्यावर ‘पुणे धर्मप्रांत’ असले तरी त्याची नोंदवहीसुद्धा गावच्या चर्चमध्येच सापडेल. अर्जात मुलाचे स्नानसंस्काराचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्मपित्याचे (संस्काराच्या वेळी मुलाची हमी घेऊन उभे राहणाऱ्याचे) नाव आणि अंदाजे महिना लिहा. नुसते ‘प्रसाद, 2011’ लिहिलेत तर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही, कारण वहीत प्रसाद नाहीच. हे काम ऑगस्टमध्ये काढा. डिसेंबरात गावच्या फादरांना नाताळातून डोके वर काढायला वेळ नसतो.

नावाचे म्हणाल तर दृढीकरणाच्या यादीत ‘योसेफ, शाळेतले नाव प्रसाद’ अशी दोन्ही लिहायला सांगा. दाखल्याच्या झेरॉक्सवर मूळ नाव स्वतः खोडून पेनाने ‘प्रसाद’ लिहू नका. असे केलेले दाखले दर वर्षी येतात आणि परत जातात. नोंद सापडलीच नाही, वही वाळवीने खाल्ली, तर स्नानसंस्कार झाल्याचे डोळ्यांनी पाहिलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचे निवेदनही कायद्याला पुरते. आजी हयात असेल तर तिला विचारा.

दोन पत्रे एकत्र. धर्मपिता म्हणून माझा भाऊ चालेल का? तो दुबईत असतो. आणि ज्या काकांवर मुलगी फार जीव टाकते, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे सभासद आहेत. – लुल्लानगर आणि खडकीहून

धर्मपित्यासाठी अटी मोजक्या आहेत. वय 16 पूर्ण, कॅथोलिक, स्वतःचे दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद झालेला, श्रद्धेने जगणारा, चर्चच्या कोणत्याही शिक्षेखाली नसलेला, आणि मुलाचा बाप किंवा आई नसलेला. शेवटची अट पुष्कळांना नवी वाटते. ‘आईच उभी राहील’ असा फोन कार्यालयात दर वर्षी येतो आणि दर वर्षी नाही म्हणावे लागते. मुलाला पुरुष आणि मुलीला बाई असा नियम मात्र नाही. स्नानसंस्काराचीच धर्ममाता पुन्हा उभी राहिली तर उत्तम, कायदा तसेच सुचवतो.

दुबईचा भाऊ पात्र असेल तर येऊ शकतो. येणे जमणारच नसेल तर त्याच्या वतीने दुसरा कोणी उभा करण्याबद्दल फादरांशी आधी बोला. आदल्या रात्री व्हिडिओ कॉल लावून मोबाइल खांद्याजवळ धरणे ही आमच्या मते हौस झाली. काका धर्मपिता होऊ शकत नाहीत, कारण ते कॅथोलिक नाहीत. तरी मुलीला त्यांची ओढ असेल तर त्यांना पहिल्या रांगेत बसवा, तयारीच्या वर्षात बायबलवर त्यांच्याशी बोलू द्या. अटीत बसणारा कोणीच मिळत नसेल तर काय? कायदा ‘शक्य असेल तेवढे’ म्हणतो. धर्मपित्यावाचून संस्कार अडत नाही. अशा वेळी धर्मशिक्षिकेनेच मागे उभे राहावे.

मुले सात दाने पाढ्यांसारखी म्हणतात, अर्थ विचारला की गप्प. त्यात एका मुलाने यशया 11:2 उघडून दाखवले: ‘इथे सहाच आहेत!’ काय सांगावे? – धर्मशिक्षिका, कोंढवा

त्या मुलाचे कौतुक करा, त्याने बायबल उघडले. हिब्रू पाठात सुज्ञता, समंजसपणा, सल्ला, बल, ज्ञान आणि परमेश्वराचे भय अशी सहाच येतात. पुढच्याच ओळीत ‘परमेश्वराचे भय’ पुन्हा येते. प्राचीन ग्रीक भाषांतराने त्या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द वापरले, एकीकडे भक्ती आणि दुसरीकडे भय. लॅटिन बायबलने तेच उचलले. तिथून भक्ती हे सातवे दान आले. मुलांना हे असेच सांगा. मोठी मुले ‘तसेच मानायचे’ ऐकून गप्प बसतात आणि विचारणे सोडून देतात. त्यात नुकसान तुमचे.

गोंधळाची दुसरी जागा म्हणजे दाने आणि फळे. गलतीकरांस पत्र 5:22-23 मधली प्रीती, आनंद, शांती ही फळे: आत्म्यासोबत जगताना माणसात पिकत जाणारी. दाने आधी मिळतात, फळे नंतर लागतात. परीक्षेत दोन्ही याद्या एकमेकींत शिरतात, कारण शिकवताना त्या एकाच रविवारी शिकवलेल्या असतात. दोन महिन्यांचे अंतर ठेवा.

अर्थासाठी व्याख्या बाजूला ठेवून एकेक प्रसंग द्या. वर्गातल्या मुलीचा लपून काढलेला फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. पुढे पाठवायचा नाही हे कळणे सोपे. ‘सल्ला’ म्हणजे आत्ता कोणाकडे जाऊन काय बोलायचे हे उमगणे, आणि ‘बल’ म्हणजे ग्रुपने हसे केले तरी ते करणे. ‘देवाचे भय’ सर्वांत कठीण, कारण मराठीत ‘भय’ म्हणजे मुलांना छडीच आठवते. आजीने जपलेली काचेची बरणी हातात दिली की हात आपोआप सांभाळून धरतो. तिथून सुरू करा. एका रविवारी दोनच दाने घ्या. सातही एका तासात कोंबली की पुन्हा पाढेच.

‘प्रेषितांची कृत्ये’ 8:14-17 वर एक पूर्ण तास द्या. शोमरोनातल्या लोकांचा स्नानसंस्कार आधीच झालेला आहे, तरी यरुशलेमहून पेत्र आणि योहान येतात, प्रार्थना करून हात ठेवतात. मुलांना विचारा: मग त्यांनी एवढ्या लांब कशाला यायचे? त्यातून प्रेषितांचे वारस मानले जाणारे बिशप स्वतः का येतात हे मुलेच सांगतील.

तेलाचा धडाही हातांनी करता येतो. ऑलिव्ह तेलात सुगंधी द्रव्याचे दोन-तीन थेंब टाका, वर्गभर वास फिरू द्या. एक थेंब वहीच्या कागदावर पाडून पुढच्या रविवारी तो डाग पाहा. अभिषेकाचे तेल असेच वनस्पतिजन्य तेल आणि सुगंध यांचे असते. बिशप ते ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या खास मिस्सामध्ये पवित्र करतात. मात्र वर्गातले तेल कोणाच्या कपाळाला लावून संस्काराचे शब्द म्हणण्याचा ‘सराव’ करू नका. सराव रांगेचा करायचा.

आईबाबा म्हणतात घे, सगळ्या मैत्रिणी घेताहेत. मला मात्र नीट विश्वास आहे की नाही हेच कळत नाही. खोटं बोलून ‘होय’ म्हणू का? – नववीतली मुलगी, पिंपरी

खोटं बोलू नकोस. आणि शंका आहे म्हणजे तू अपात्र आहेस, असंही समजू नकोस. त्या दिवशी तुला स्नानसंस्काराची वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यायची असतात. तू तान्ही होतीस तेव्हा ती तुझ्या वतीने आईबाबांनी आणि धर्मपालकांनी दिली होती. म्हणून हा निर्णय तुझाच असावा लागतो.

एक काम कर. विश्वासांगीकार एका कागदावर उतर आणि ज्या ओळीपाशी अडतेस तिच्याखाली रेघ मार. तो कागद घेऊन फादरांकडे किंवा सिस्टरांकडे जा. ‘माझा विश्वास नाही’ यावर दहा मिनिटांत बोलणं होत नाही, पण एका ओळीवर होतं. तरीही मन तयार झालं नाही तर यंदा थांब. पुढच्या वर्षी किंवा कॉलेजात असतानाही घेता येतं. आईबाबांसाठी: लग्नापूर्वी दृढीकरण झालेले असावे अशी कायद्याची अपेक्षा आहे, पण तीही मोठी अडचण नसेल तर. तेवढ्यासाठी नववीत घाई करू नये.

थोडक्यात

सिरो-मलबार कुटुंबातले मूल आमच्या वर्गात आहे. त्यालाही यादीत घ्यायचे का? आधी दाखला पाहा. सिरो-मलबारसारख्या पौर्वात्य कॅथोलिक चर्चमध्ये स्नानसंस्काराच्याच वेळी तेलाचा अभिषेक करून दृढीकरण देतात. सिरो-मलबार, तसेच खडकीला ज्यांचे बिशप आहेत त्या सिरो-मलंकार कुटुंबांची मुले पुण्यात पुष्कळ आहेत. दाखल्यावर नोंद असेल तर पुन्हा देता येत नाही. मूल वर्गात मात्र बसू शकते. उलट आपल्या लॅटिन पद्धतीत स्नानसंस्कारानंतर डोक्याला लावलेले तेल म्हणजे दृढीकरण नाही.

नवे संतनाम घ्यावेच लागते? नाही. स्नानसंस्काराचेच नाव ठेवलेले बरे, दोन संस्कारांचे नाते दिसते.

बिशप थोबाडीत मारतात का? आजोबांच्या वेळी गालावर हलकी चापट असे. 1971 च्या सुधारित विधीत ती नाही, बिशप शांतीचे शब्द बोलतात.

प्रत्यक्ष दिवशी काय सांभाळावे? – बऱ्याच पालकांचा प्रश्न

आदल्या आठवड्यात पापनिवेदन करा. संस्काराच्या सकाळी 60 मुलांची रांग आणि एकच फादर, अशी वेळ आणू नका. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास उपास असतो, पाणी आणि औषध चालते. संध्याकाळी पाचच्या मिस्सासाठी पावणेपाचला अंगणात समोसे वाटणारे काका दर वर्षी भेटतात. दुसरे टोक म्हणजे सकाळपासून उपाशी ठेवलेली मुले, जी प्रवचनात चक्कर येऊन पडतात. दुपारी नीट जेवू द्या.

कपाळावरचे केस पिनांनी मागे घ्या. फाउंडेशन नको, तेल त्यावरून घसरते. रेशमी साडी किंवा नवा कोट असेल तर मान किंचित पुढे झुकवायला शिकवा. नावाची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत, बिशपांना वाचता येईल अशा लिपीत, मुलाच्या हातात द्या. रांग त्या चिठ्ठीपाशीच अडते. एका मुलाला 20 सेकंद धरले तर 60 मुलांची 20 मिनिटे होतात. नाव दोनदा विचारावे लागले की चाळीस. धर्मपिता उजवा हात मुलाच्या उजव्या खांद्यावर ठेवतो. बिशप अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्याविषयीचे शब्द म्हणतात. मुलाने ‘आमेन’ मोठ्याने म्हणायचे, मग शांतीच्या शब्दांना उत्तर द्यायचे. या दुसऱ्या उत्तराचा सराव बहुतेक वर्ग विसरतात. वळल्याबरोबर रुमाल काढून कपाळ पुसू नका, तेल राहू द्या. बिशपांच्या अंगठ्यासाठी लिंबाच्या फोडी, पावाचे तुकडे, पाणी आणि टॉवेल वेदीजवळ तयार ठेवा; नुसत्या पाण्याने तेल निघत नाही.

हॉल, केक, मोबाइलची भेट यांवर आम्ही काही म्हणत नाही. फक्त फोटोग्राफरला बिशप आणि मूल यांच्या मध्ये उभे राहू देऊ नका.

शेवटचे काम महिन्याभराने. दृढीकरण जिथे झाले त्या पॅरिशने मुलाच्या स्नानसंस्काराच्या पॅरिशला कळवायचे असते, म्हणजे तिथल्या समासात नोंद होते. पत्र गेले का, हे कार्यालयात विचारा आणि पोचेपर्यंत विचारत राहा.