कूलंट टेम्परेचर सेन्सर खराब झालाय हे घरी कसं ओळखायचं?
रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं उपकरण) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान बघा. मुंबईत बाहेर २८ अंश असेल तर तिथेही साधारण तेवढंच दिसायला हवं. उणे ४० दिसलं तर आधी सेन्सरचा प्लग आणि वायर तपासा, कारण सर्किट तुटलं की बहुतेक गाड्या हाच आकडा दाखवतात. आपल्याकडच्या दमट हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो, तो साफ करून पुन्हा बघा. सेन्सर आतून थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्यामुळे मल्टिमीटरवर इंजिन तापेल तसा रेझिस्टन्स सलग उतरायला हवा, मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर गेला. मात्र कूलंट कमी असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. पातळी आधी बघा, आणि गरम इंजिनवर कूलंटचं झाकण अजिबात उघडू नका.