कुठल्या तोंडाने बोलू?

कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या जनजागृतीत पुरुषांना बोलावले की, "हा बायकांचा विषय आहे" असे म्हणून टाळणारे अनेक भेटतात. पण त्याहून अधिक विचार करायला लावणारी शंका सहसा बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारली जाते: "माझ्याच हातून घरात चूक झालेली आहे, मग मी कुठल्या तोंडाने बोलू?" कोपरखैरणे येथे राहणाऱ्या एका माथाडी कामगाराने ती विचारली, तेव्हा समुपदेशक असूनही मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.)

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ते एका टोळीचे मुकादम आहेत. गाव साताऱ्याकडचे, वय पंचेचाळिशीच्या आसपास, आणि टोळीत शब्दाला वजन. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा हिंसाविरोधी पंधरवडा जवळ आला, तेव्हा कामगारांच्या एका कार्यक्रमात त्यांनी पुरुषांच्या वतीने चार शब्द बोलावेत, असे ठरले. ते माझ्याकडे आले ते भाषण लिहून घेण्यासाठी. कागद पुढे सरकवून म्हणाले, "ताई, मी फक्त दोनदा हात उचललाय. एकदा सात वर्षांपूर्वी, एकदा मागल्या दिवाळीत. तेही गावाला पैसे पाठवायचे होते म्हणून."

त्या एका वाक्यातील "फक्त" आणि "म्हणून" या दोन शब्दांवरच आमचे पहिले सत्र संपले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतसुद्धा, समुपदेशनात हिंसेचे समर्थन करणारी सबब पुढे करू देऊ नये, असे सांगितले आहे. मला हा नियम नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे, कारण सबब ऐकून घेतली की सत्र तिच्याच भोवती फिरू लागते आणि मार मात्र बाजूला राहतो. मी त्यांना विचारले, "हा हिशेब तुमचा झाला. वहिनींचाही तेवढाच आहे का?" त्यांना माहीत नव्हते.

वहिनी एकदा दुपारी एकट्या आल्या. त्या स्वतःच्या मर्जीने आल्या आहेत ना, आणि इथे बोलल्याचा घरी त्रास तर होणार नाही ना, हे मी आधी विचारले. अशा प्रकरणांत नवरा-बायकोला पहिल्याच दिवशी एकत्र बसवणे मी टाळते, कारण ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर खरे बोलण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हात दोनदा, खरं आहे. पण ताट भिरकावलं ते धरलं का त्यांनी? आणि माझ्या डब्यांचे पैसे दर महिन्याला काढून घेतात ते?" कायद्याच्या व्याख्येत शारीरिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक हिंसाही येते, हे मी त्यांना सांगितले. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांकही दिला. तक्रार तूर्त करायची नव्हती. निघताना मात्र त्यांनी एक निरोप दिला, आणि तो पोहोचवण्याची परवानगीही दिली: "त्यांना बोलायचं तर बोलू दे. पण माझी गोष्ट सांगून टाळ्या घ्यायच्या नाहीत."

या निरोपाने माझेही डोळे उघडले, हे मान्य केले पाहिजे. पुरुषाने मंचावर येऊन "मी चुकलो" असे कबूल करावे, याचे आपल्याला फार कौतुक असते. त्या कबुलीत बायकोचे खासगी दुःख सर्वांसमोर मांडले जाते आणि धाडसाचे श्रेय मात्र नवऱ्याला मिळते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

म्हणून मुकादमांना मी सांगितले की, तुमची शंका बरोबर आहे. तिची समजूत घालून तुम्हाला मंचावर पाठवणे मला योग्य वाटत नाही. कॅनडात १९९१ मध्ये पुरुषांनी सुरू केलेल्या पांढऱ्या फितीच्या मोहिमेची शपथ तीन गोष्टींची आहे: स्त्रियांवर हिंसा करणार नाही, तिचे समर्थन करणार नाही आणि ती पाहून गप्प बसणार नाही. पहिल्या दोन गोष्टी घरात आणि सत्रांत सिद्ध करायच्या होत्या, आणि वर्ष-दीड वर्ष तरी त्याचे प्रशस्तिपत्र कोणी मागू नये, असे मी म्हटले. तिसरी गोष्ट मात्र टोळीतच करता येण्यासारखी होती.

संधी लवकरच आली. चहाच्या वेळी एक तरुण गडी म्हणाला, "दोन ठेवून दिल्याशिवाय सरळच होत नाही." नेहमी अशा वाक्यावर हशा पिकतो. मुकादम हसले नाहीत. "पोतं उचलायला हात लागतो, बायकोवर नाही," एवढेच म्हणाले, आणि नंतर त्याला बाजूला घेऊन बोलले. त्यांनी मला विचारले, "शेजारच्या घरातलं कळवलं, तर आपल्यावरच शेकेल का?" कायद्याच्या कलम ४ नुसार, हिंसा घडली आहे, घडते आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे मानण्यास कारण असेल, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मार चालू असेल तर ११२ वर फोन करायचा आणि स्वतः हाणामारीत उतरायचे नाही, हेही मी बजावले.

कार्यक्रमात ते बोलले नाहीत. खुर्च्या मांडल्या, टोळीतल्या सगळ्यांना घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसले.

चार महिन्यांनी वहिनींशी स्वतंत्रपणे बोलणे झाले. ताट भिरकावणे थांबले आहे, डब्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा होतात. आवाज अजून चढतो, असे त्या म्हणाल्या. मुकादमांचे पुढचे सत्र येत्या गुरुवारी आहे.