‘सफरचंदाचा अर्क’? तो काढला कुणी?

प्रश्न असा आहे: परफ्यूमच्या वर्णनात ‘ॲपल नोट’ लिहिलेलं असतं, म्हणजे मिश्रणात जाणवणारा सफरचंदाचा वास, त्याला मराठीत ‘सफरचंदाचा अर्क’ म्हणावं की ‘सफरचंदाचं अत्तर’?

दोन्ही नको. जाहिरातींचे अनुवादक ‘सफरचंदाच्या अर्काने युक्त’ असं बेधडक ठोकून देतात आणि कुणीतरी खरोखरच सफरचंदं भट्टीवर चढवली असावीत असा वाचणाऱ्याचा समज होतो. अर्क म्हणजे वाफ थंड करून थेंबथेंब उतरवलेला द्रव. अत्तर म्हणजे कनौजच्या रीतीनं देगेतली (उकळायच्या भांड्यातली) वाफ भपक्यातल्या (ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या) चंदनतेलात जिरवून केलेलं. सफरचंदात या दोन्हींना पुरेल इतकं सुगंधी द्रव्यच नसतं. असतं ते दशलक्षात मोजके भाग. शिवाय फळ उकळलं की ताजा वास जातो आणि मुरंब्याचा उरतो. रस आटवताना उडून जाणारा वास कारखाने धरून ठेवतात हे खरं, पण तो बहुतांशी पाणीच असतो आणि पुन्हा रसाकडे, खाद्यपदार्थांकडेच जातो.

परफ्यूममधलं सफरचंद सुटी सुगंधी रसायनं मिसळून जुळवावं लागतं. हेक्झिल ॲसिटेट रसाळपणा देतं. फळ कापल्याबरोबर येणारा हिरवा, झणका वास ट्रान्स-२-हेक्झेनालचा. अखंड फळात तो जवळपास नसतो, पेशी फुटल्या की विकरं तो तयार करतात. पिकलेपणा इथाइल २-मिथाइलब्युटिरेटचा. हे इतकं तीव्र की १ टक्क्याचं द्रावण करूनच हाताळावं. फ्रुक्टोन गोडवा आणि अंग देतं. बीटा-डॅमॅसिनोन शिजवलेल्या सफरचंदाची खोली आणतं, तेही हजारात एखादा भाग. जास्त झालं तर मनुके आणि वाईन. हे ज्या गटातलं, त्या ‘गुलाबवर्गी कीटोनां’च्या वापरावर त्वचेच्या ॲलर्जीमुळे मर्यादाही आहेत.

बिघडतं ते असं: ॲसिटेटं सढळ पडली की नेलपॉलिशची आठवण येते. ती आधी उडतातही, त्यामुळे कागदाच्या पट्टीवर पहिल्या काही मिनिटांत खुललेलं सफरचंद तासाभरात गायब, खाली सावकाश उडणाऱ्या द्रव्यांचा आधार नसेल तर. फ्रुक्टोन आम्लात तुटतं आणि साबणाच्या अल्कलीत ॲसिटेटं तुटतात, म्हणून परफ्यूमचं सूत्र उचलून साबणात घातलं की फसतं. ‘बॉस बॉटल्ड’ या परफ्यूममधलं (१९९८) सफरचंद दालचिनीच्या जोडीनं येतं, ‘डीकेएनवाय बी डिलिशस’मधलं (२००४) हिरवं, काकडीच्या सोबतीनं. दोन्हींना ‘अर्क’ म्हणून एकाच बाटलीत कोंबणार?

नैसर्गिकच हवं असा हट्ट असेल तर रोमन कॅमोमाइलचं तेल घ्या. त्यातल्या अँजेलिक आम्लाच्या एस्टरांमुळे त्याला सफरचंदाचा वास येतो. ग्रीकांनी त्या रोपाला नावच ‘जमिनीवरचं सफरचंद’ असं दिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ‘सफरचंद’ हा शब्द मुळात सफरचंदाचा नाहीच! अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिही, इंग्रजीतलं क्विन्स. पिवळं, कच्चं खाता न येणारं, पण पिकलं की एकच फळ खोलीभर दरवळणारं. गुजरातीत याचं ‘सफरजन’ झालं. ल आणि न यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही: संस्कृत ‘लाङ्गल’चा ‘नांगर’ झालाच, हिंदीत ‘नींबू’ आणि आपल्याकडे ‘लिंबू’. शेवटच्या ‘जन’ला काही अर्थ लागेना, म्हणून मराठीनं ओळखीचा ‘चंद’ बसवला. ‘सफर करून आलेला चंद्र’ अशी व्युत्पत्ती सांगणारे पंडित अजून भेटतात. त्यांनी एवढंच सांगावं: मग गुजरातीतला ‘जन’ कोण, प्रवासी?

नाव एका फळावरून दुसऱ्यावर कसं जाईल, अशीही शंका काढतात. ‘पेरू’ काय आहे? पोर्तुगीजांचा ‘पेरा’, म्हणजे नासपती. गोव्यातली पेराद पेरूचीच असते आणि नाव नासपतीचं. (पेरू देशाचा नकाशा कृपया पुढे करू नये.) हिंदीनं फारसी ‘सेब’ घेतला आणि पश्चिम किनाऱ्यानं अरबी ‘सफरजल’, यामागे आखाताचा समुद्री व्यापार असावा, असा माझा तर्क आहे. बिहीचं फळ इथे रुळलं नाही. तिच्या बिया मात्र काष्ठौषधींच्या दुकानात ‘बिहीदाणा’ या फारसी नावानं आल्या. म्हणजे अरबी नाव रिकामं राहिलं, ते तशाच घाटाच्या, तशाच वासाच्या फळाला मिळालं. वास तसाच हे उगाच म्हणत नाही: इथाइल २-मिथाइलब्युटिरेट आणि हेक्झिल ॲसिटेट बिहीच्या वासातही आहेत. ‘सफरचंदाचा सुगंध’ म्हणताना आपण अरबीच्या हिशेबानं बिहीचाच सुगंध म्हणत असतो, आणि रसायनाच्या हिशेबानं फार चुकतही नाही.

हो, ‘नोट’चं राहिलं. शब्द संगीतातून आलेला आहे. लंडनच्या सेप्टिमस पीएस या सुगंधकारानं एकोणिसाव्या शतकात सुगंधांची सुरांसारखी पट्टीच मांडली होती. ‘सूर’ म्हणालात तर मूळ सांभाळलं जाईल, पण वाचणारा गाणं शोधेल. ‘सफरचंदाची छटा’ लिहा.